मास्तर, यात आमचा बांध कुठे?

गोव्यातल्या बोरीच्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या सखल भातजमिनीत, शेती करणाऱ्या एका काकांना मी मोबाइलवर ड्रोनचा फोटो दाखवला. जुवारी नदी, बोरीचा पूल, पिकाला आलेलं भात, मागे सिद्धनाथाचा डोंगर, वर ढग, सगळं एकाच चौकटीत. मला वाटलं, आता काका खूश होतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल दूर धरला, मग जवळ आणला आणि विचारलं, "मास्तर, यात आमचा बांध कुठे?"

बांध फोटोत होता. सुतळीएवढा. डोंगर तर ताटाच्या कडेला उरलेल्या भाताच्या शितासारखा दिसत होता. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तेव्हा काकांचं म्हणणं पटलं. फोटोत सगळं होतं आणि बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी फोंड्यात शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांना यथादर्शन शिकवण्यात बरीच वर्षं गेली. जवळची वस्तू मोठी, लांबची लहान, क्षितिजरेषा डोळ्याच्या उंचीवर, हे मी झोपेतही सांगेन. तरी ड्रोनच्या बाबतीत हेच विसरलो, त्यामुळे पुढचं सगळं लिहून ठेवतो आहे.

माझा ड्रोन डीजेआयचा मॅव्हिक २ प्रो, २०१९ साली घेतलेला. एक इंची सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, २० मेगापिक्सेल, आणि फुल-फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, हिशेबाने २८ एमएमची एकच लेन्स. हा आकडा जेवढा लहान तेवढी लेन्स रुंद, चौकटीत जास्त मावतं. झूम नाही. डिचोलीच्या मित्राकडे त्याचाच भाऊ, मॅव्हिक २ झूम. त्याला २४ ते ४८ एमएमचा खरा ऑप्टिकल झूम, पण सेन्सर बारीक, १/२.३ इंची, आणि १२ मेगापिक्सेल. घेतले तेव्हापासून आमचा वाद चालू. तो म्हणायचा लेन्स महत्त्वाची, मी म्हणायचो सेन्सर. दोघांनाही आपण घेतलेल्या वस्तूचं समर्थन करायचं होतं, दुसरं काही नाही.

काकांच्या प्रश्नानंतर मी ड्रोन बाजूला ठेवला आणि जुना फुल-फ्रेम कॅमेरा २४-७० च्या लेन्ससकट घेऊन सिद्धनाथाच्या डोंगरावर गेलो. तिथून खाली बोरी गाव, खाजन आणि नदी दिसते. ड्रोनला जी उंची मिळते तिच्याहून जास्त उंची, तीही पायाखाली घट्ट जमीन आणि बॅटरीची चिंता नसताना. दोन तास बसून मनाला येईल तसे साठेक फोटो काढले, झूम किती होतोय हे न बघता. घरी येऊन आवडलेले अकरा वेगळे काढले आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ, म्हणजे तो एमएमचा आकडा, पाहिली. नऊ फोटो ४५ ते ६० एमएमच्या मध्ये होते. उरलेले दोन २४ चे, आणि त्या दोन्हींत अगदी पुढ्यात मोठा काळा खडक होता.

त्या खडकापाशी माझं डोकं उजळलं. रुंद लेन्सला पुढ्यात काहीतरी जवळचं लागतं. समुद्रावर २४ एमएमने फोटो काढताना आपण होडीच्या नाळेला जवळजवळ चिकटतो, म्हणून होडी भव्य दिसते आणि मागचा समुद्र खोल वाटतो. ड्रोन शंभर मीटर वर नेला की पुढ्यात फक्त हवा. बांध लांब, नदी लांब, डोंगर तर त्याहून लांब. आधीच लांब असलेल्या वस्तूंवर रुंद लेन्स लावली की त्या अजून आक्रसतात. आणि आपण सगळे काय करतो? ड्रोन हाती आला की पहिल्यांदा त्याला वर वर नेतो.

मग हिशेब मांडला. वहीत, पेन्सिलीने. समजा बांधापासून ३०० मीटरवर ड्रोन आहे आणि डोंगर बांधाच्या दोन किलोमीटर मागे. २८ एमएमने बांध चौकटीत एका विशिष्ट आकाराचा दिसतो. ४८ एमएमने तोच बांध तेवढाच दिसायला हवा तर ड्रोन साधारण ५१५ मीटरवर न्यायला हवा. बांध तेवढाच राहतो, पण मागचा डोंगर आता दीडपटीहून थोडा मोठा दिसतो. डोंगर मोठा होतो तो लेन्समुळे नाही, आपण मागे सरकल्यामुळे. लेन्स फक्त मागे सरकायची परवानगी देते. तेच ३०० मीटरवर उभं राहून नुसता झूम केला तर बांध आणि डोंगर दोन्ही सारखेच फुगतात, नातं बदलत नाही. हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलं असेल, "खिडकी लहान केली म्हणून बाहेरचं झाड जवळ येत नाही."

म्हणजे आधी ड्रोन कुठे उभा राहणार ते ठरवायचं आणि मग तिथून किती दिसायला हवं ते. मी उलटं करत होतो.

गोव्यात कुठे उभं राहायचं हे फक्त आपल्या हातात नसतं. दोन विमानतळ, त्यातला दाबोळीचा नौदलाचा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंतच उडवता येतं, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये तर २०० फुटांपर्यंतच. म्हणून निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा नकाशा बघायचा, कालचा नाही. आमचे दोन्ही ड्रोन ९०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सूक्ष्म गटात, त्यांना नोंदणी क्रमांक हवाच. एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पडद्यावर दिसणारी उंची ही जिथून उडवलं तिथपासूनची असते. सिद्धनाथाच्या माथ्यावरून ड्रोन सोडून दरीवर नेला तर पडद्यावर शून्य दिसेल आणि खालच्या शेतापासून तो मर्यादेच्या कितीतरी वर असेल. म्हणून डोंगरावरून हातातला कॅमेरा, ड्रोन खालूनच.

ड्रोन नजरेच्या टप्प्यातही राहायला हवा. पाचशे मीटरवर तो माशीएवढा दिसतो आणि मग कुठला ड्रोन आणि कुठली घार ते कळत नाही. तेव्हा ड्रोन लांब पाठवण्याऐवजी मीच लांब जायचं ठरवलं. माझा प्रो मी खाजनाच्या बांधावरून उडवायचो. मित्राच्या झूमसाठी पूल ओलांडून पलीकडे लोटलीच्या बाजूला गेलो. लेन्स बदलली आणि माझा तालुकाच बदलला.

ऑक्टोबरमधली संध्याकाळ होती. पाऊस नुकताच मागे गेलेला, हवा धुतलेली. ही हवा महत्त्वाची, कारण लांबच्या लेन्सने फोटो काढायचा म्हणजे मधली सगळी वाफ, धूर, धूळही फोटोत घ्यायची. डिसेंबरच्या सकाळी नदीवर धुकं असतं तेव्हा हाच प्रयोग केला तर डोंगर राखाडी पुसट होऊन बसतो. रुंद लेन्सने जवळून काढताना ते एवढं जाणवत नाही. लोटलीकडून बोरीकडे बघताना संध्याकाळचा सूर्य डाव्या खांद्यामागे येतो. भातावर तिरका उजेड, बांधाला एका बाजूने सावली. समुद्रावरचा वाराही तोवर पडलेला. मित्राने आपला ड्रोन आपणच उडवला. हँडल मला देण्याएवढा त्याचा माझ्यावर विश्वास नाही.

४८ वर पहिली चौकट पडद्यावर आली आणि आम्ही दोघं थोडा वेळ बोललोच नाही. बांध आता चौकटीतून वाहत जाणारी जाड रेघ होता. त्याच्या कडेची खारफुटी वेगळी दिसत होती, मानशीचं तोंड दिसत होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून मिळवलेली जमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं दार. भरतीत ते मिटतं, ओहोटीत आतलं पाणी बाहेर सोडतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला तिच्याहून खोलगट भात, मध्ये फक्त हा मातीचा बांध. २८ च्या फोटोत ही गोष्टच नव्हती. आणि मागे सिद्धनाथ, शीत नव्हे, डोंगर.

वाद मात्र तिथे संपला नाही. सूर्य टेकला तशी झूमच्या बारीक सेन्सरची खोट दिसायला लागली. ४८ वर त्याच्या लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र एफ/३.८ होतं, त्याहून उघडत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवला की डोंगराच्या सावलीत वाळू ओतल्यासारखं दिसतं. आम्ही आयएसओ १०० वरच राहिलो आणि कमीजास्त उजेडाचे पाच-पाच फोटो घेतले, मग घरी जोडले. भात हलत असेल तर जोडताना कणसं दुहेरी होतात, पण एवढ्या लांबून ते खपून जातं.

त्या झूममध्ये नऊ फोटो शिवून ४८ मेगापिक्सेलचा एक फोटो करायची सोय आहे. तीही वापरून बघितली. त्यात झूम करून नऊ तुकडे काढले जातात आणि शेवटी हातात येतो तो २४ एमएमचाच रुंद देखावा, फक्त बारकाव्यांसकट. तो घेत असताना भातावरून बगळ्यांचा थवा उडाला. फोटोत अर्धे बगळे, तीन पाय असलेले बगळे, आणि एक नुसतीच मान. बायकोने तोच फोटो ठेवून घेतला आहे.

माझ्या प्रोची बाजू मी अशी सहज सोडणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच उंचीवर, २८ ने फोटो काढला आणि संगणकावर ४८ एवढा कापला. जागा तीच म्हणून बांध-डोंगराचं नातं अगदी तेच आलं, हे बघून बरं वाटलं. पण २० मेगापिक्सेलमधले सातच्या आत उरले. अठरा इंच रुंद प्रिंटवर झूमचा फोटो इंचाला २२२ ठिपके देतो, माझा कापलेला १७७. दोन्ही प्रिंट शाळेतल्या भिंतीवर लावून सहकाऱ्यांना विचारलं. हाताएवढ्या अंतरावरून कुणालाही फरक सांगता आला नाही. नाक लावून बघणाऱ्या गणिताच्या सरांनी झूमच्या प्रिंटमध्ये माडाच्या झावळ्या सुट्या दिसतात असं सांगितलं, आणि लगेच माझ्या प्रिंटमध्ये सावलीतला हिरवा रंग चांगला आहे असंही. म्हणजे वाद पुन्हा होता तिथेच.

२०२३ मध्ये आलेल्या डीजेआयच्याच एअर ३ मध्ये २४ आणि ७० अशा दोन लेन्स एकाच ड्रोनवर, दोन्हींचे सेन्सर सारखे, हे वाचून तोंडाला पाणी सुटतं. पण परदेशी ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. कुणाच्या तरी बॅगेतून आलेला ड्रोन नोंदणीशिवाय उडवायची माझी तयारी नाही, त्यामुळे ते वाचनापुरतंच.

२८ एमएमला मी टाकून दिलं नाही, त्याच्याशी वागणं बदललं. आता रुंद लेन्सने वर जात नाही, खाली येतो. बांधावरून दहा-पंधरा मीटरवर ड्रोन धरला की बांधच पुढ्यातला खडक होतो आणि चौकटीच्या तळापासून निघून लांब नदीपर्यंत धावतो. कॅमेरा फार खाली वाकवला तर मात्र कडेचे माड बाहेरच्या बाजूला कलतात, जणू फोटोतून पळून जातायत. तीन बिंदूंचं यथादर्शन, इयत्ता नववी. आणि खाली उडवताना लाल घारी सोडत नाहीत. एकदा एक घार दोन फेऱ्या मारून ड्रोनच्या अंगावर आली. मी ड्रोन सरळ खाली उतरवला आणि त्या दिवसाचं काम आटोपलं. आकाश तिचं आहे, आणि माझ्या पंख्यांना विमा नाही.

सरळ खाली बघून काढायच्या फोटोंचा हिशेब वेगळाच. तिथे डोंगर नाही, क्षितिज नाही, म्हणून मागे सरकण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न एकच, १२० मीटरच्या छताखाली किती जमीन मावते. २८ एमएमने साधारण १५४ बाय १०३ मीटर. ४८ ने जेमतेम ८७ बाय ६५. वर जायची सोय नाही, तेव्हा शेतांच्या वाफ्यांची नक्षी हवी असेल तर रुंद लेन्सच हवी. तसे दोन-चार फोटो मी सहज काढून ठेवले होते, विशेष काही नाही म्हणून बाजूला पडलेले.

नोव्हेंबरात कापणी झाल्यावर काकांना भेटायला गेलो. लोटलीकडून ४८ ने काढलेला फोटो मोठा छापून, गुंडाळी करून नेला. बरोबर पिशवीत ते बाकीचे चार-पाच प्रिंट. काकांनी मोठा फोटो खाटेवर पसरला, चारी कोपऱ्यांवर नारळ ठेवले, बोट फिरवत बांध शोधला आणि मान हलवली. "आता दिसला. छान आलाय." मी खूश. मग त्यांनी पिशवीतले बाकीचे बघितले. सरळ खाली बघून काढलेला एक फोटो त्यांनी उजेडाकडे धरला. बराच वेळ. बांधाच्या आतल्या बाजूला, मानशीपासून थोडं पुढे, भातात एक काळपट ओला डाग होता. मला ती सावली वाटली होती.

"इथून खारं पाणी झिरपतंय," काका म्हणाले. "मला संशय होता, पण भात उभं असताना आत शिरून बघणार कोण." त्यांनी बोटाने मानशीपासूनचे वाफे मोजले, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि मुलाला हाक मारली.

मोठा फोटो त्यांनी परत गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा तुमच्या शाळेत लावा, मास्तर. हा दुसरा मला ठेवा."