विंडोज बदललं आणि फायली दिसेनात: आधी हे करा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरच्या मशीनवर ११ चढवायचं काम निघालं. काम झाल्यावर डेस्कटॉप कोरा दिसतो. सातबाऱ्याचे स्कॅन नाहीत, पीक विम्याच्या पावत्या नाहीत, पोरांच्या मार्कशीट नाहीत. अशा वेळी घाबरून दिसेल ते सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका. फायली बहुतेकदा डिस्कवरच असतात. त्यांच्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं, तर मात्र त्या खरंच जातात.

सगळ्यात आधी सी ड्राइव्हमधलं ‘यूजर्स’ फोल्डर उघडा. सेटअप करताना मायक्रोसॉफ्टचा ईमेल टाकला असेल, तर विंडोज त्या ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं नवं फोल्डर करतं. जुन्या नावाचं फोल्डर शेजारीच असतं आणि सगळा डेस्कटॉप त्यात असतो. परवानगी मागितली तर ‘कंटिन्यू’ दाबा. तिथं नसेल तर वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) फोल्डरच्या आत आणखी एक ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ आहे का बघा. बॅकअप चालू झाला की वनड्राइव्ह फायली तिकडं हलवतं.

मग सी ड्राइव्हमधलं ‘विंडोज डॉट ओल्ड’ (Windows.old) फोल्डर बघा. फॉरमॅट न मारता विंडोज टाकलं असेल, तर जुनं सगळं या फोल्डरात जातं. त्यातही ‘यूजर्स’ असतं. पण हे फोल्डर साधारण १० दिवसांनी विंडोज आपोआप काढून टाकतं, आणि डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक केली तर त्याच क्षणी. सी ड्राइव्ह लाल दिसतोय म्हणून जागा मोकळी करायला बसलेला माणूस नेमकी हीच टिक करतो. आधी त्यातल्या फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा.

डी ड्राइव्हच दिसत नसेल, तर विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये त्याला अक्षर दिलंय का बघा. ‘फॉरमॅट करायचं का?’ किंवा ‘इनिशियलाइज?’ असं विचारलं, तर उत्तर नाही. बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की मागितली, तर ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडू शकते. ती नसेल तर डेटा उघडत नाही.

खरंच फॉरमॅट मारला असेल, तर मशीन तिथंच बंद करा. इथं डिस्क कोणती आहे यावर सगळं ठरतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर खोडलेला डेटा वर नवं लिहिलं जाईपर्यंत राहतो. एसएसडीवर (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) ट्रिम नावाची सोय मोकळ्या झालेल्या जागा लगेच पुसायला लागते, म्हणून तिथं आशा फार कमी. डिस्क काढून साटा-यूएसबी केबलनं दुसऱ्या मशीनला जोडा. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो. गेलेल्या फायली शोधून काढणारं फोटोरेकसारखं साधन वापरलं, तर सापडलेलं सगळं वेगळ्याच डिस्कवर उतरवा. फायलींची नावं जातात, फोटो मिळतात, मग एकेक उघडून बघत बसावं लागतं.

एक गोष्ट आपल्याकडं फार होते. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेला अर्ज उघडला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि फाइल खराब झाली समजून लोक ती डिलीट करतात. फाइल ठीक असते, फक्त फॉन्ट गेलेला असतो. ‘विंडोज डॉट ओल्ड’मधल्या ‘विंडोज’च्या ‘फॉन्ट्स’मधून तो घ्या, राइट क्लिक करून इन्स्टॉल करा, अक्षरं परत येतात. युनिकोड फॉन्ट लावून काही उपयोग नाही.

अपग्रेड अजून व्हायचंय त्यांच्यासाठी: ‘डी मध्ये ठेवलंय’ याला बॅकअप म्हणत नाहीत. बहुतेक घरी सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात, आणि दुकानात सगळे पार्टिशन उडवले तर दोन्ही जातात. बाहेरच्या डिस्कवर पूर्ण ‘यूजर्स’ फोल्डर घ्या. टॅली वापरत असाल तर तिचं ‘डेटा’ फोल्डर वेगळं शोधून घ्या. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठा लग्नाचा व्हिडिओ त्यावर जात नाही, पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या. कॉपी झाली की दुसऱ्या मशीनवर चार-पाच फायली उघडून बघा. लाइट जायच्या वेळा धरूनच बसा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण दहा-पंधरा मिनिटंच तग धरतो, अपग्रेडला तासाच्या वर लागू शकतो. आणि नवी एसएसडी टाकणार असाल तर जुनी डिस्क न पुसता घरी परत मागून घ्या, किमान सहा महिने कपाटात ठेवा.