कंटिन्यूच्या पुढचा 2

गेल्या महिन्यात एका जुन्या क्लायंटची साइट पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 7.2 आवृत्तीवरून 8 वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढणारं सॉफ्टवेअर. अशा कामात नवीन काही लिहायचं नसतं. नव्या सर्व्हरवर कोड चढवायचा आणि लॉगमध्ये, म्हणजे चुका-इशाऱ्यांच्या नोंदीत, जे ओरडेल ते गप्प करायचं. एक ओळ मात्र वेगळी होती: स्विचमधला कंटिन्यू ब्रेकसारखाच चालतो, तुम्हाला ‘कंटिन्यू 2’ म्हणायचं होतं का? (स्विच म्हणजे स्थितीनुसार वाट निवडणारा तुकडा; ब्रेक म्हणजे त्यातून बाहेर पडा; कंटिन्यू म्हणजे लूपची, पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडची, पुढची फेरी घ्या.)

ही वॉर्निंग 2018 मध्ये, पीएचपी 7.3 पासून आली. 7.2 चा सपोर्ट 2020 मध्येच संपला, तरी ‘चालतंय ना, मग कशाला हात लावता’ म्हणून क्लायंट तिथेच बसून राहिला. मग ही चूक सांगणार कोण?

कोड असा: फॉरईच नावाचा लूप सगळ्या सभासदांवरून फिरतोय. आत सभासदाच्या स्थितीवर स्विच. ‘वसुलीस स्थगिती’ असेल तर कंटिन्यू, म्हणजे याला सोडा, पुढचा घ्या. स्विचच्या खाली थकबाकीवर व्याज लावणारी ओळ. वाचताना यात खोट दिसत नाही. जावास्क्रिप्टमध्ये किंवा जावामध्ये हेच लिहिलं तर बिनघोर चालतं, कारण तिथे कंटिन्यू स्विचकडे ढुंकूनही बघत नाही, थेट लूपच्या पुढच्या फेरीला जातो. पीएचपी मात्र कंटिन्यूपुरतं स्विचलाही लूपच धरते. त्यामुळे तो फक्त स्विचबाहेर पडतो आणि नेमका व्याजाच्या ओळीवर येऊन उभा राहतो. बाहेरच्या लूपपर्यंत जायचं तर कंटिन्यूपुढे 2, म्हणजे दोन पातळ्या, लिहायलाच हवा. लिहिणारा बहुधा जावास्क्रिप्टवाला असणार, त्याला मी बोल लावत नाही. पण टेस्ट डेटात स्थगितीवाला एकही सभासद नव्हता, याला काय म्हणावं?

व्याजाचा दर वर्षाला 21 टक्के, आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) बरीच वर्षं असलेली कमाल मर्यादा. म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, तेही ज्यांना लागायलाच नको त्यांना. मग इतकी वर्षं बोंब कशी झाली नाही?

एका सभासदाचं खातं उघडलं. 1 तारखेला व्याज नावे. दोन-तीन दिवसांनी तेवढीच रक्कम जमा, शेरा ‘व्या. रद्द’. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही. सोसायटीच्या ऑफिसात फोन लावला.

“मॅडम, या नोंदी कोण टाकतं?”

“मीच. सॉफ्टवेअर व्याज लावतं, मग आपण काढायचं. आधीच्या बाईंनी असंच शिकवलं होतं.”

आमचा बग त्यांच्या कामाचा भाग होऊन बसला होता! मी गुपचूप तो 2 टाकला असता, तर मॅडमनी सवयीने पुन्हा व्याज रद्द केलं असतं आणि न लागलेलं व्याज सभासदांच्या खात्यात जमा झालं असतं. शिवाय मधले काही महिने रद्दची नोंद राहून गेलेली. ते व्याज लोकांनी भरूनही टाकलंय.

दुरुस्ती चढवायच्या आधी मॅडमना कळवलं, “या महिन्यापासून व्याज रद्द करू नका.”

“लेखी द्या. ऑडिटर मला विचारतात, तुम्हाला नाही.”

आमच्या मीटिंगमध्ये एवढा व्यवहारी मुद्दा क्वचितच कुणी काढतो. मेल पाठवली, राहिलेल्या नोंदींची यादी जोडली, क्लायंटलाही सीसी केलं. क्लायंटचं उत्तर आलं: पुढचं दुरुस्त झालं ना, छान. यादीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मी परत विचारलंय. आमचे टीम लीड म्हणतात, तिकीट (या कामाची नोंद) क्लोज कर. अजून केलेलं नाही.