ब्रिस्टल : नकाशात चढ दिसत नाही

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात क्लिफ्टनचा झुलता पूल बघायला जाणार असाल तर हॉटवेल्सच्या बाजूने, म्हणजे खालून, चढू नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ध्यानात ठेवा.

"मामा, हार्बरच्या कडेकडेने चालत जा, पूल समोर दिसतोच," असं भाच्याने सांगितलं होतं. तो तीन वर्षं ब्रिस्टलमध्ये राहतोय, पण पुलावर कायम गाडीने गेलेला. पूल दिसतो हे खरंच. हॉटवेल रोडवर उभे होतो तेव्हा फोनवरच्या नकाशात आमचा निळा ठिपका पुलाला जवळजवळ चिकटलेला होता. मान वर केली तर पूल थेट डोक्यावर, नदीच्या भरतीच्या पाण्यापासून सुमारे ७५ मीटर उंच. चांगल्या वीस मजली इमारतीच्या गच्चीवर जायचंय आणि आपण तळमजल्याच्याही खाली उभे आहोत, असा तो प्रकार. बंदराचं गाव म्हणजे सपाट असणार, हा आपला मुंबईवरून बांधलेला अंदाज. ब्रिस्टलमध्ये तो पहिल्या तासाभरातच सोडून द्यावा लागतो.

तिथून वर जाणाऱ्या पायवाटेचं नावच झिगझॅग आहे. नावावरून कळायला हवं होतं. मी आणि बायको दोघेही महिन्यातून दोनदा सिंहगड चढतो, त्यामुळे दमाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता ओल्या पानांचा. नोव्हेंबरात या वाटेवर पानांचा थर बसतो, तो वाळत नाही, आणि त्याखाली शेवाळ आहे की फरसबंदी हे पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यातली निसरडी वाट निदान डोळ्यांना दिसते, इथे ती पानांखाली झाकलेली असते. त्यात चारनंतर उजेड झपाट्याने गेला. तिसऱ्या वळणावर बायकोचा पाय सरकला, तिने हात टेकला आणि मनगट मुरगळलं. पुढे अर्धा रस्ता मी तिची पिशवी आणि ती माझा दंड धरून वर आलो. पंधरा मिनिटांच्या वाटेला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी, चांगल्या पकडीचे बूट असतील तर खुशाल जा. ऑक्टोबर ते मार्च या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला जास्त चटका लावून गेली ती त्या वाटेच्या पायथ्याशीच असलेली एक बंद दगडी इमारत. ते क्लिफ्टन रॉक्स रेल्वेचं खालचं स्टेशन. हा चढ माणसाने पायी चढू नये हे इथल्या लोकांना १८९३ सालीच कळलं होतं. म्हणून त्यांनी कड्याच्या पोटातून बोगदा खोदला आणि त्यात चार डबे जोडीजोडीने चालवले. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो वजनाने खाली यायचा आणि दोराने खालच्या डब्याला वर ओढायचा. इंजिन नाही, वाफ नाही, सगळा खेळ पाण्याच्या वजनाचा. पैसा घातला होता जॉर्ज न्यून्स या मासिकांच्या प्रकाशकाने. पुढे मोटारी आणि बस आल्या, उतारू कमी झाले आणि १९३४मध्ये गाडी बंद पडली. महायुद्धात त्या बोगद्यात लोकांनी बॉम्बहल्ल्यांपासून आसरा घेतला, बीबीसीनेही तिथे आपली यंत्रं बसवली. आज तो बोगदा जागेवर आहे, गाडी नाही, आणि माणसं शेजारच्या शेवाळावरून चढतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा पुलावर जायचं ते शहरातून क्लिफ्टन व्हिलेजच्या बसने. उतरून पाच-दहा मिनिटं चालायचं. पायी जाणाऱ्याला पुलावर पैसे पडत नाहीत, मोटारीला एक पौंड टोल आहे. कोणी पायी फिरण्याचं "ब्रिज तिकीट" विकायला लागलं तर सरळ पुढे चला. पुलाचा आराखडा ब्रुनेल या इंजिनिअरने केला तेव्हा तो पंचविशीतही नव्हता. मध्येच पैसे संपले आणि वर्षानुवर्षं नुसते दोन मनोरे उभे राहिले. १८५९मध्ये ब्रुनेल गेला. मग त्याच्या स्मरणार्थ इतर इंजिनिअरांनी काम हाती घेतलं. लंडनमध्ये त्याचाच हंगरफर्डचा पूल पाडला जात होता, त्याच्या साखळ्या इथे आणून लावल्या आणि १८६४मध्ये पूल खुला झाला. मधोमध उभं राहून खाली बघा. ओहोटी असेल तर नदी म्हणजे चिखलाची घळ आणि तिच्या तळाशी पाण्याची एक रेघ. इथे भरती-ओहोटीतला फरक १२ मीटरांच्या वर जातो. जुन्या काळी गलबतं धक्क्यावर चिखलात कलंडायची, म्हणून १८०९मध्ये दारं घालून पाणी अडवलं आणि फ्लोटिंग हार्बर केलं.

दुसरी फसगत स्टेशनची. लंडनहून येताना तिकिटावर ब्रिस्टल टेंपल मीड्स असं नाव आहे ना, ते पाहून घ्या. ब्रिस्टल पार्कवे हे नावापुरतं ब्रिस्टल, शहराच्या पार उत्तरेला. आम्ही स्वस्त म्हणून पार्कवेचं तिकीट काढलं आणि रात्री तिथून टॅक्सीला २८ पौंड मोजले. वाचलेले पैसे तिथेच गेले, वर सहा पौंड खिशातून. टॅक्सीवाल्याने आधी "वीसेक" म्हटलं होतं, उतरताना सामानाचे म्हणून आकडा वाढवला. बसायच्या आधी आकडा ठरवून घ्या, नाहीतर पार्कवेहून टेंपल मीड्सची लोकल धरा. आम्हाला ती आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं.

बसबद्दल मात्र चांगलंच सांगायचं आहे. उतरताना इथे म्हातारे, शाळकरी पोरं, सगळे ड्रायव्हरला "चिअर्स, ड्राइव्ह" म्हणतात. ड्रायव्हर नाही, ड्राइव्ह. तिसऱ्या दिवशी बायकोनेही म्हटलं आणि ड्रायव्हरने हात वर केला. याच शहरात १९६३पर्यंत बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना बसवर कामाला घेत नव्हती. पॉल स्टीफनसन आणि त्यांच्या सोबत्यांनी चार महिने बसवर बहिष्कार चालवला. २८ ऑगस्टला कंपनीने माघार घेतली आणि सप्टेंबरात रघबीर सिंग हे शीख गृहस्थ शहरातले पहिले गोरे नसलेले कंडक्टर झाले. हे वाचल्यापासून मी तिथे प्रत्येक बसमधून उतरताना मोठ्याने "चिअर्स, ड्राइव्ह" म्हणत आलो.

कॉर्न स्ट्रीटवर एक्स्चेंज या जुन्या व्यापारी इमारतीच्या दर्शनी भिंतीवरचं घड्याळ चुकवू नका. त्याला दोन मिनिटकाटे आहेत, दहा मिनिटांच्या अंतराने. ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य दहा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. रेल्वे आली, लंडनची वेळ आली, तरी गावाने १८५२पर्यंत आपली वेळ सोडली नाही. मुंबईकरांना हे परकं वाटू नये. आपल्याकडेही देशाची वेळ ठरल्यावर मुंबई कित्येक वर्षं आपल्या ३९ मिनिटं मागच्या घड्याळावर चालत होती. घड्याळाखालीच काशाची चार उंच गोल मेजं आहेत, त्यांना नेल्स म्हणतात. व्यापारी त्यांच्यावर रोकडा मोजायचे. आम्ही तिथे उभ्याने चहा प्यायलो.

एसएस ग्रेट ब्रिटन हे जुनं जहाज एका दिवसात आरामात बघून होतं. छान आहे, बघा.

आता ज्यासाठी आम्ही गेलो होतो ते. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलच्या स्टेपलटनमध्ये वारले. ते आले होते मुघल बादशहाचे वकील म्हणून, 'राजा' ही पदवीही त्याचीच. आधी त्यांना तिथल्याच बागेत पुरलं. दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांनी आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत जागा घेतली आणि वर छत्री बांधवली. टेंपल मीड्सहून बाथ रोडने चालत पंचवीस मिनिटं, रस्ता सरळ. टॉटरडाउनची रंगीत घरं दिसली की मोहाने वर वळू नका. तिथली व्हेल स्ट्रीट इंग्लंडमधल्या सर्वांत तीव्र चढाच्या वस्तीच्या रस्त्यांत मोडते, आणि मनगट बांधलेलं माणूस बरोबर असेल तर नकोच.

फाटकातून आत गेल्यावर झाडांमधून एकदम आपल्याकडची छत्री दिसते. खांब, कोनाडे, वर घुमटी. राख रंगाच्या इंग्रजी क्रॉसांमध्ये ती उभी आहे. बायको कितीतरी वेळ तिथून हलली नाही. माझे आजोबा प्रार्थना समाजात जायचे. रानडे-भांडारकरांच्या आधी हा माणूस होता, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. याच दफनभूमीत मेरी कार्पेंटरही आहे. तरुणपणी ती राममोहनांना भेटली होती आणि पुढे मुलींच्या शिक्षणासाठी चारदा हिंदुस्थानात आली.

फुलं स्टेशनजवळच घ्या, आम्हाला वाटेत एकही दुकान सापडलं नाही. आम्ही रस्त्याकडेचं एक पिवळं पान छत्रीच्या पायरीवर ठेवून आलो. आणि शक्यतो सकाळी जा. नोव्हेंबरात तीननंतर तिथे ऊन राहत नाही.