पुढच्या शॉकअपवर खर्च करायचाय? आधी स्प्रिंग बघा

ब्रेक मारला की बाईक पुढून धपकन बसते, मग कुणीतरी सांगतं की यूएसडी फोर्क (अपसाइड-डाऊन, म्हणजे उलटे बसवलेले पुढचे शॉकअप) टाकून मोकळा हो. दिसायला भारी आहेत ते, आणि जाड पाईप वर टीमध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, असल्यामुळे वाकतातही कमी, मान्य. पण आतली स्प्रिंग तुमच्या वजनाची नसेल तर फोर्क उलटा असो नाहीतर सरळ, त्रास तोच.

म्हणून आधी सॅग मोजा, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती बसतो ते. पुढचं चाक हवेत उचलून पाईप किती दिसतो ते मोजायचं, मग हेल्मेट-जॅकेट घालून गाडीवर बसायचं, मागून कुणीतरी गाडी सरळ धरायची आणि परत मोजायचं. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग. फोर्कचा ट्रॅव्हल, म्हणजे तो एकूण जेवढा दबतो ते अंतर, १२० मिमी असेल तर साधारण ३५ ते ४० मिमी ठीक. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवणारा नट) पूर्ण पिळूनही त्याच्यापेक्षा जास्त बसत असेल तर स्प्रिंग मऊ आहे, बदला. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक नटच पिळत बसतात.

आता तेल, फोर्कची हालचाल मंदावण्याचं काम त्याचं. साध्या डॅम्पिंग रॉडवाल्या (रॉड म्हणजे आतली भोकांची नळी) फोर्कमध्ये तेल ठरलेल्या भोकांतूनच जातं आणि फोर्क दबण्याचा वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो, त्यामुळे ब्रेकला फोर्क भसकन खाली आणि खड्ड्याच्या कडेला मात्र दगडासारखा. जाड तेल टाकलं की बसणं कमी होतं पण मनगटं बोंबलतात. याच्यावर इम्युलेटर हा चांगला उपाय, रॉडच्या डोक्यावर बसणारा स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह, जोरात दणका बसला की उघडतो. त्यासाठी रॉडची भोकं मोठी करावी लागतात, म्हणजे मागे फिरायचं तर नवीन रॉडच. आणि हो, तेलाच्या डब्यावरच्या १० डब्ल्यू या जाडीच्या नंबरवर जाऊ नका, दोन कंपन्यांचं १० डब्ल्यू सारखं नसतं, ४० डिग्रीला तेल किती जाड ते सांगणारा सीएसटी आकडा बघा.

जुनं तेल काढाल तेव्हा ते राखाडी, चमचमतं निघेल, ती चमक म्हणजे झिजलेल्या धातूची भुकटी. नवीन भरताना मिलीच्या भरवशावर राहू नका, आत थोडं जुनं उरतंच. स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, पाईपच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. १० मिमी तेल वाढवलं तर शेवटचा ट्रॅव्हल कडक होतो, कारण वरची हवा कमी होते.

सगळं बसवल्यावर ॲक्सलचा पिंच बोल्ट (चाकाचा दांडा फोर्कच्या पायात पकडणारा) लगेच आवळू नका, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा आणि मगच आवळा, नाहीतर फोर्कचे दोन्ही पाय एकमेकांना अडतात आणि एवढं सगळं करूनही फोर्क अडकत अडकत चालतो.