दिवसा नुसती खरखर

सर विज्ञानाच्या तासाला टेबलावर ट्रान्झिस्टर ठेवायचे. मीडियम वेव्ह, ५८५ किलोहर्ट्झ, नागपूर: खणखणीत. काटा जरा सरकवला की नुसती खरखर. "वावरात जागलीले जाता तवा हैदराबाद, इंदूर, दिल्ली सारं लागते. मंग दिवसा हे जाते कुठं, सांगा पोट्टेहो!"

कोणी म्हणालं, तिकडचे लोक दिवसा कामाला जात असतील. मागच्या बाकावरून आवाज आला, "उनानं मरत असन." सगळे हसले, सर हसले नाहीत. बरोबर तोच होता.

उन्हामुळे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा जो भारित थर तयार होतो, तो मध्यम लहरींचा जोर पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहर आणखी वर जाते आणि तिथून वळून शेकडो किलोमीटरवर उतरते. नागपूर दिवसा ऐकू येतं ते जमिनीलगत येणाऱ्या लहरीमुळे. आपली काळी, ओल धरणारी जमीन तिला बरीच सांभाळते. मुरमाड जमिनीवर ती लवकर थकते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲपल्टन यांना १९४७ साली नोबेल मिळालं ते याच वरच्या थरांच्या अभ्यासासाठी. सर मात्र आधी नाव घ्यायचे कोलकात्यात याच थरांचा अभ्यास करणाऱ्या शिशिरकुमार मित्रांचं.

रात्रीचं गाणं ऐन रंगात बुडायचं, तेव्हा आम्ही रेडिओला चापट्या मारायचो, सेल काढून उन्हात ठेवायचो. सर म्हणायचे, सेलचा दोष नाही. एकच लहर दोन वाटांनी येते. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडला की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. "नवे सेल आणून बापाचा पैसा काहून घालवता?"

पुढे मी दूरसंचारात मायक्रोवेव्हच्या लिंकवर काम केलं. तिथे मधे कुठलाच थर नव्हता, दोन टॉवर समोरासमोर. तरी सहा गिगाहर्ट्झला चाळीस किलोमीटरवर निव्वळ पसरण्यातच १४० डेसिबल जातात. म्हणजे उरतो शंभर लाख कोटींतला एक हिस्सा. यातलं बरंचसं मोठ्या डिश भरून काढतात. आमचा खरा जीव जायचा तो हिवाळ्यात, पहाटे. वारा पडलेला, गार हवा जमिनीला चिकटलेली, वर ऊबदार हवा; सिग्नल पुन्हा दोन वाटांनी यायचा आणि बुडायचा. त्यासाठी तीस-चाळीस डेसिबल आधीच शिलकीत धरायचे, शिवाय एकाच टॉवरवर खाली-वर दोन डिश लावायच्या. एकीवर लहरी एकमेकींना मारत असतात, त्याच क्षणी काही मीटर खालच्या दुसरीवर बहुधा सिग्नल जिवंत असतो.