संधिवात, गळकं बाथरूम आणि दोन पिवळ्या गोळ्या

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, 2018 पासून. घरात आम्ही संधिवातच म्हणतो पण मग ऐकणाऱ्याला वाटतं की वय झाल्यावर गुडघे झिजतात तोच, आणि "अगं पण तू तर चाळिशीची पण नव्हतीस" असं होतं. हा तो नाही. ह्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उलटते, बोटांची मधली पेरं, मुठीचे सांधे, मनगटं, पावलं, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखंच. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त दिसतो. माझे पहिले आठ महिने पेनकिलर आणि "युरिक अ‍ॅसिड असेल" ह्यात गेले, एक्सरे पण नॉर्मल होता, सुरवातीला तो नॉर्मल येऊ शकतो हे मला तेव्हा कुठे माहीत. शेवटी रुमॅटॉलॉजिस्ट (ह्याच आजारांच्या डॉक्टर) मॅडमकडे गेले, अँटी-सीसीपी ही ह्या आजाराची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, सीआरपी म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा वाढलेला होता, आणि गोळ्या सुरु झाल्या.

मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच. माझा वार रविवार, रात्री जेवणानंतर साडेसात मिलिग्रॅमच्या दोन, म्हणजे 15 मिलिग्रॅम. बाकीचे दिवस फॉलिक अ‍ॅसिडची एक, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ही पण संधिवाताचीच गोळी, त्याच्यासाठी वर्षातून एकदा डोळे तपासायचे. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, सीबीसी (रक्तातल्या पेशी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी). हे सगळं आता अंगवळणी पडलंय. पण गेल्या जुलैत एक आठवडा असा आला की सगळी घडी विस्कटली, ते लिहायचंय, कारण त्यातली एक गोष्ट अजून कुणाच्या तरी घरात होऊ शकते.

आम्ही डोंबिवलीत राहतो, तिसरा मजला, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. नवरा, दहावीतला मुलगा, सासूबाई (मी आईच म्हणते) आणि मी. मी घरून अकाउंटिंगचं काम करते. सकाळचं पाणी सहा ते सात. आणि ज्याला हा आजार आहे त्यालाच कळेल की सहा ते सात ही माझी सगळ्यात वाईट वेळ. झोपेतून उठल्यावर हात लाकडासारखे असतात, मूठ वळत नाही, चांगल्या दिवसात अर्धा तास आणि वाईट दिवसात दोन तास. पावसाळ्यात मला जास्त जाणवतं, बाकीच्यांचं माहीत नाही, माझं सांगते.

तर सोमवारी पहाटे नवरा ड्युटीवर निघून गेलेला, आदल्या रात्री मेथोट्रेक्सेट घेतलेली म्हणजे सोमवारी मळमळ असतेच, मी उठून बाथरूममध्ये बादली लावली आणि नळ बंद करायला गेले तर तो फिरेचना. जुना गोल नळ, आतला वायसर गेलेला, जोर लावून आवळावा लागायचा. दोन्ही हातांनी धरला, टॉवेल गुंडाळून धरला, नाहीच. मुलाला हाक मारेपर्यंत बादली भरून वाहायला लागली, त्याने येऊन बंद केला, पाणी जाळीतून गेलं, मी म्हटलं संपलं. अर्ध्या तासाने खालच्या काकू दारात. त्यांच्या बेडरूमच्या छतातून पाणी टपकत होतं, गादी भिजली होती. मला इतकं वाईट वाटलं, त्या एकट्या राहतात, त्यांनी आवाज पण चढवला नाही, फक्त म्हणाल्या "बघ ना गं काय करता येईल."

प्लंबर आला, त्याने बघून सांगितलं की आजच्या पाण्याने नुसतं दाखवून दिलं, फरशीखालचं वॉटरप्रूफिंग कधीच गेलंय आणि भिंतीतला पाइप पण पाझरतोय. बाथरूम फोडायला लागेल. भर पावसात. एकच बाथरूम, संडास वेगळा आहे ते नशीब. मंगळवारपासून ब्रेकर सुरु, घरभर सिमेंटची धूळ, डेब्रिजच्या गोणी तीन मजले उतरवायच्या, अंघोळी मागच्या बाल्कनीत पडदा लावून, आणि गीझर काढून ठेवलेला.

गीझर नाही हे बाकीच्यांना गैरसोय होती, मला औषध बंद झाल्यासारखं होतं. मी रोज सकाळी उठल्यावर दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून बसते, बोटं उघडझाप करते, त्यानंतर चहाचं पातेलं धरता येतं. मंगळवारी ते झालं नाही, मी तशीच ओट्यापाशी गेले आणि दुधाचं पातेलं सुटलं. लिटरभर दूध ओट्यावरून खाली, सांडशी पकडायला अंगठ्यात ताकदच नव्हती. पाय थोडक्यात वाचला. मी तिथेच खाली बसून रडले, खरं सांगते. मुलाची त्या दिवशी गणिताची युनिट टेस्ट होती, तो शाळेचा शर्ट घालून फडकं घेऊन पुसत होता आणि म्हणत होता "आई तू नको वाकू."

आणि आता ती गोष्ट.

माझा वारांचा गोळ्यांचा डबा असतो, तो मी स्वतः भरते, दर रविवारी. त्या रविवारी बोटं सुजलेली, पाकिटातून गोळ्या निघत नव्हत्या, तर आई म्हणाल्या आण मी भरते. त्यांनी मायेने केलं. माझी फॉलिक अ‍ॅसिड पण पिवळी बारीक, मेथोट्रेक्सेट पण पिवळी बारीक, दोन्ही पाकिटं एका डब्यात, नावं इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात. सोमवार ते शनिवारच्या खणांत फॉलिकच्या जागी मेथोट्रेक्सेट गेली. मी सोमवारी घेतली, मंगळवारी घेतली, त्या गडबडीत बघितलंच नाही. बुधवारी सकाळी मुलाने पाकीट उचललं आणि म्हणाला आई ह्यातल्या एवढ्या कशा संपल्या, तेव्हा पोटात गोळा आला.

कारण ही गोळी रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. पहिल्याच भेटीत मॅडमनी हे बजावलं होतं, फाईलवर लाल पेनाने "आठवड्यातून एकदाच" लिहिलं होतं. रक्तातल्या पेशी बनायच्या बंद होतात, तोंडात फोड येतात, इन्फेक्शन होतं. हीच गोळी कॅन्सरमध्ये खूप मोठ्या डोसमध्ये देतात, आपल्याला छोटा डोस असतो म्हणून चालतं, पण तो रोज नाही.

मी लगेच दवाखान्यात फोन लावला. मॅडम भेटल्या. त्या रागावल्या नाहीत की काही नाही, सरळ प्रश्न विचारले, किती, कधी, ताप आहे का, तोंड आलंय का, उलट्या, जुलाब, नाकातून रक्त वगैरे, लघवी नीट होते ना. नाही म्हटल्यावर म्हणाल्या गोळी पूर्ण थांबव, आजच्या आज रक्त दे, फॉलिनिक अ‍ॅसिड लिहून देते ते सुरु कर (हा मेथोट्रेक्सेटवरचा उतारा, साध्या फॉलिकपेक्षा वेगळा असतो, मी आधी गोंधळले), पाणी भरपूर पी, पेनकिलर अजिबात नको, आणि ताप आला किंवा तोंड आलं तर रात्र असली तरी निघून यायचं. बाहेर पाऊस कोसळत होता, लॅबचा माणूस भिजत येऊन रक्त घेऊन गेला, बाथरूममध्ये ब्रेकर चालू, फोनवर बोललेलं ऐकू येत नव्हतं म्हणून मी जिन्यात उभी राहून नवऱ्याला सांगितलं. तो दुपारीच परत आला.

आईंचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. त्या दिवसभर जेवल्या नाहीत. देवापुढे बसून होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, म्हटलं आई चूक माझी पण आहे, दोन्ही पाकिटं मी एका डब्यात ठेवली. त्या म्हणाल्या, "तुझे हात चालत नाहीत आणि मी हे असं करून ठेवलं." सात वर्षांत मी त्यांना माझ्या गोळ्या नीट समजावूनच सांगितल्या नव्हत्या. त्यांना काळजी नको म्हणून मी सगळं माझ्यापाशीच ठेवलं. पथ्य, आंबट नको, वांगं नको, एवढ्यावरच आमचं बोलणं व्हायचं. त्या संध्याकाळी मी सगळी पाकिटं चादरीवर मांडली आणि एकेक सांगितली, त्यांनी चष्मा लावून ऐकलं आणि चांगले प्रश्न विचारले, मळमळ कशाने होते, डोळे कशासाठी तपासायचे.

रिपोर्ट रात्री आला. पेशी ठीक, एसजीपीटी म्हणजे लिव्हरचा आकडा थोडा वाढलेला. आठवड्याने परत केला तेव्हा तो पण खाली आला होता. पण त्या रविवारची गोळी मॅडमनी वगळायला लावली, आणि पुढच्या आठवड्यात सांधे असे धरले की केस बांधता येईनात, दाराची कडी सरकेना. त्यात कामाच्या डेडलाईन. ह्या वेळी मी गप्प बसले नाही, क्लायंटना सांगितलं की हातांचा त्रास आहे, आकडे फोनवर बोलून घेऊ, टायपिंग मुलगा संध्याकाळी तासभर करेल. एक जण सोडून सगळ्यांनी ऐकलं.

कोमट पाण्याचा प्रश्न आईंनी सोडवला. बाथरूम पूर्ण होईपर्यंत, बारा दिवस, त्या पावणेसहाला उठून गॅसवर पाणी तापवायच्या आणि प्लास्टिकच्या टबात माझ्या पलंगाशी आणून ठेवायच्या. बोटाने आधी बघायच्या, मग म्हणायच्या "घाल हात." त्यांचं वय 74. पाणी भरायचं काम तेव्हापासून मुलाकडे.

मिस्त्री गोल नळच बसवणार होता, त्याच्याकडे शिल्लक होते. मी अडून बसले, लिव्हरवाले लावून घेतले, जे मनगटाने किंवा कोपराने ढकलता येतात. किचनच्या सिंकला पण तोच. थोडे जास्त पैसे गेले पण ह्यावर मी कुणाचं ऐकलं नसतं. मेथोट्रेक्सेट आता देवघराच्या वरच्या फळीवर वेगळ्या स्टीलच्या डब्यात असते, डब्यावर आईंनी स्वतः मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, "फक्त रविवार." वारांच्या डब्यात ती जातच नाही. रविवारी रात्री डबा खाली येतो, दोन गोळ्या निघतात, मुलगा कॅलेंडरवर फुली मारतो आणि डबा परत वर.

खालच्या काकूंची गादी आम्ही नवीन आणून दिली, त्या नको नको म्हणत होत्या. छताचा रंग राहिलाय. भिंत अजून ओलीच आहे, पाऊस गेल्यावर महिनाभर वाळू दे म्हणतो रंगारी, म्हणजे दिवाळीच्या आधी करून टाकू.