‘आवाज आला’ इंग्रजीत लिहिताना

पावसाळ्यातली समुद्राची गाज किनाऱ्यावरची मुलं इंग्रजी निबंधात हमखास ‘व्हेरी बिग साऊंड केम’ अशी लिहितात. आवाज इंग्रजीत ‘बिग’ नसतो, ‘लाऊड’ असतो. ‘हाय’ लिहिलंत तर पट्टी उंच असा अर्थ निघतो, आणि गाज तर खर्जातली! शिवाय मराठीत आवाज येतो. इंग्रजीत बहुधा ती वस्तूच कर्ता होते: ‘द सी रोअर्ड’. क्रियापद नेमकं सापडलं की ‘लाऊडली’ खोडून टाका.

ते शोधताना आधी बघायचं, आवाज कशावर झाला. नारळ ओल्या मातीत पडला तर ‘थड’: दबका, घुमणारा नाही. तोच पडवीच्या पत्र्यावर आदळला तर ‘बँग’. सुकी झावळ खालची झाडं मोडत आली तर ‘क्रॅश’, कारण त्यात मोडतोड ऐकू येते.

विजेचं मात्र अंतरावर ठरतं. जवळ पडली तर ‘क्रॅक’, लांबची असेल तर ‘रम्बल’. विजेची वाट काही किलोमीटर लांब असते, तिच्या निरनिराळ्या भागांतला आवाज मागेपुढे पोचतो. शिवाय हवा उंच पट्टीचे स्वर जास्त शोषते, म्हणून उरते ती गडगड. चमकल्यापासून आवाजापर्यंत 3 सेकंद गेले तर वीज साधारण 1 किलोमीटरवर. तेव्हा नुसतं ‘रम्बल’ लिहून त्याच वाक्यात अंगणातल्या माडावर वीज पाडू नये.

जहाजाच्या भोंग्याला सागरी नियमांतच शब्द आहे, ‘ब्लास्ट’. छोटा सुमारे 1 सेकंदाचा, लांब 4 ते 6 सेकंदांचा. 200 मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा भोंगा 70 ते 200 हर्ट्झचा असावा लागतो. त्याला ‘श्रिल’ म्हणाल तर जयगडला आलेलं मालवाहू जहाज पिपाणी वाजवतंय असं वाटेल. तिथे ‘डीप’ किंवा ‘बूमिंग’ हवं. शिमग्यात ढोलाला ‘बूम’ चालेल, ताशाला नाही. त्याची कडकड ‘रॅटल’मध्ये बसते.

‘डेफनिंग’च्या आधी ‘व्हेरी’ नको, कान बसवणारा आवाज आणखी काय बसवणार? फारच वाटलं तर ‘अ‍ॅब्सोल्युटली’. आणि दार वाऱ्याने धडाधड आपटत असेल तर ‘बँग बँग’ असं दोनदा लिहू नका: ‘द डोअर केप्ट बँगिंग’.